शिकारकथा आणि हाकेवाले

पहिल्या शिकारीची आठवण हा आपल्याकडे एक सन्मान्य वाङ्मयप्रकार आहे. त्याचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. वडील किंवा मामा मुलाच्या हाती पहिली बंदूक देतात. सुरुवातीचे बार फुकट जातात. मग एका पहाटे दवाने भिजलेल्या गवतात एखादे चितळ किंवा भेकर उभे राहते. मुलगा श्वास रोखतो, चाप ओढतो, जनावर कोसळते. घरी कौतुक होते, शिंगे भिंतीवर चढतात. पुढे वय झाल्यावर लेखकाला त्या हरणाचे डोळे आठवतात आणि थोडासा पश्चात्ताप होतो. या पश्चात्तापालाच आमचे समीक्षक 'मानवतावाद' म्हणतात.

या लेखात मला एकच प्रश्न विचारायचा आहे. या आठवणीत बाकीची माणसे कोठे गेली?

दोन प्रसिद्ध उदाहरणे घेऊ. दोन्ही लेखक प्रामाणिक आहेत, म्हणूनच ती घेतो. जिम कॉर्बेटने 'जंगल लोअर' (१९५३) मध्ये आपल्या पहिल्या बंदुकीची हकीकत सांगितली आहे. ती जुनी ठासणीची दुनळी होती. एक नळी फुटलेली आणि दस्ता पितळी तारेने आवळलेला. या मोडक्या बंदुकीवर त्याने जीव लावला. आणि त्याला शिकार शिकवली कोणी? कुंवरसिंग नावाच्या गावकऱ्याने. 'माय इंडिया' (१९५२) मध्ये त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात कॉर्बेट त्याचा उल्लेख मोठ्या प्रेमाने करतो. पण कोणत्या शब्दाने? चोरटा शिकारी! गुरू चोर आणि शिष्य शिकारी, हा भेद रानाने केलेला नाही. तो कायद्याने केला. कॉर्बेटला तो दिसतो, पण बोचत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या मुंबईचे. सालिम अली यांच्या आत्मचरित्राचे नाव 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५). मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढणाऱ्या या पोरक्या मुलाच्या हाती लहानपणी छर्ऱ्याची बंदूक आली. सुटीत हे कुटुंब चेंबूरला जाई. आमच्या उपनगरांत तेव्हा टेकड्या होत्या, झाडी होती. एके दिवशी या मुलाने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असला पक्षी खाणे धर्माला चालते का, असा त्याला प्रश्न पडला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. तेथे मिलार्ड नावाच्या साहेबाने त्याला पक्ष्यांनी भरलेली कपाटे उघडून दाखवली. त्या कपाटांतून एक थोर पक्षिशास्त्रज्ञ बाहेर आला. त्यांच्या थोरवीविषयी माझे काही म्हणणे नाही. मला फक्त एवढेच नोंदवायचे आहे की ती चिमणी खाण्यासाठी पाडली होती. पोराच्या हातात बंदूक होती, पाठीशी मामा होता आणि मामाच्या ओळखीने उघडणारे एक दार होते. म्हणून त्या छर्ऱ्याचे शास्त्र झाले. त्याच काळात बोरिवलीच्या रानात वारल्याच्या पोराने गलोलीने पाखरू पाडले असेल, तर त्याचे फक्त कालवण झाले, किंवा मग खटला झाला.

आमच्या भाषेचाच पुरावा पाहा. राजाने हरीण मारले की 'मृगया', साहेबाने मारले की 'शिकार', पारध्याने मारले की 'पारध' आणि आज आदिवासीने मारले की 'चोरटी शिकार'. हरीण एकच. पारध या शब्दावरून ज्यांचे नाव पडले, त्या पारध्यांना इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले. १८७१ चा तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात. याच पारध्यांतले काही लोक चित्ते धरून त्यांना काळवीट मारायला शिकवीत. कोल्हापूर, बडोदे या संस्थानांत चित्त्याची शिकार गाजली ती त्यांच्या हुन्नरावर. फोटोत मात्र संस्थानिक असतो आणि चित्ता असतो. चित्त्याची साखळी धरणारा माणूस फोटोत आला तरी फोटोखाली त्याचे नाव नसते.

१८७८ हे साल कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. वन कायद्याने रान सरकारचे झाले आणि त्यात फास लावणे, शिकार करणे हे नियमांच्या कक्षेत आले. शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना आला, आणि युरोपियनांना त्या परवान्यातून सूट मिळाली. म्हणजे रानात राहणाऱ्याचे रान गेले आणि बंदूक त्याला मिळणार नाही याची तजवीज झाली. स्वातंत्र्यानंतर १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या मूळ मसुद्यात परवाना घेऊन शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्याच कलमात शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. वन्यप्राणी वाचले पाहिजेत याविषयी दुमत नाही. पण परवानेवाल्यांनी शंभर वर्षे रान रिकामे केल्यावर जो नियम सर्वांना सारखा लागू झाला, त्याचा इतिहास सर्वांचा सारखा नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाने तरी विसरू नये.

आता माझ्या घरातल्या शिकारकथेकडे येतो. माझे आजोबा मुरबाड तालुक्यातले. घराण्याकडे येसकराची पाळी. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पण पन्नाशीच्या त्या दशकात आजोबा विशीत होते आणि बोलावणे आले की जावे लागे. गावच्या एका बड्या बागायतदाराकडे ठाण्या-मुंबईचे पाहुणे येत. त्यांना शिकार हवी असे. मग महारवाड्यातली आणि ठाकरवाडीतली पंधरा-वीस माणसे हाक्याला निघत. बंदूकवाले नाक्यावर दबा धरून बसत. हाकेवाल्यांनी पलीकडच्या अंगाने डबे बडवीत, ओरडत रान उठवायचे आणि जनावर बंदुकीच्या तोंडावर आणायचे. मजुरी नाही. जनावर पडले तर मुंडी, खूर आणि आतडी मिळत. सोलायचे कामही त्यांचेच. ज्यांच्या हातचे पाणी चालत नसे, त्यांच्या हातचे सोललेले मांस चाले!

आजोबांच्या पहिल्या हाक्यात एक भेकर पडले. दुसरा बार उतावळ्या पाहुण्याचा होता. तो भेकराला लागला नाही. त्याचे दोन छर्रे आजोबांच्या डाव्या पोटरीत शिरले. एक वैदूने काढला, एक तसाच राहिला. दवाखान्यात न्यायला कोणी आले नाही. त्या दिवशी मात्र मुंडीबरोबर एक फरा मिळाला. मी लहान असताना मुलुंडच्या आमच्या चाळीत आजोबांच्या पायाशी बसून कातडीखालचा तो गोल दाणा बोटाने इकडेतिकडे सरकवीत असे. आम्हा भावंडांचा तो खेळ होता. आजोबा हसत आणि म्हणत, "ही माझी बंदूक, पोरांनो." पहिल्या बंदुकीच्या आठवणी मी पुढे पुष्कळ वाचल्या, दर वेळी माझ्या बोटाला तो दाणा लागतो.

आजोबांनी ही गोष्ट आम्हाला कधी सलग सांगितली नाही. तुकड्या-तुकड्यांनी आली. तीत अन्यायाची तक्रार नव्हती आणि पराक्रमही नव्हता. मुख्य आठवण होती ती फऱ्याची. किती जण जेवले, आजीने तिखट किती घातले, शेजारी कोणाकडे वाटी गेली, हेच ते रंगून सांगत. शिकारकथेत मांसाला जागा नसते. शिंगांना असते. आमच्याकडे उलट. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. मेलेले ढोर खाणारा हलका आणि मारलेले हरीण खाणारा उमदा, ही मांसाची वर्णव्यवस्था शिकारकथा वाचताना लक्षात घेतली नाही, तर त्या वाचनाला काय अर्थ?

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात मी एका वर्गाला अशीच एक शिकारीची आठवण वाचून दाखवली आणि 'माझी पहिली शिकार' या विषयावर पानभर लिहायला सांगितले. शिकार म्हणजे मासा, खेकडा, पाखरू, काहीही चालेल, असे म्हटले. मुलांनी मजेत लिहिले. एका मुलाने कोरा कागद दिला. तो नॅशनल पार्कच्या कडेच्या एका पाड्यावरचा. तास संपल्यावर मी विचारले तेव्हा खाली पाहून म्हणाला, "सर, बापाची आठवण आहे. पण लिहिली तर फॉरेस्टवाले येतील ना." मी निरुत्तर झालो. बापाकडे फास होता की नाही, हे मी विचारले नाही आणि विचारणारही नाही.

त्या कोऱ्या कागदाने मला जे शिकवले, ते कोणत्या समीक्षाग्रंथाने शिकवले नव्हते. आठवण लिहिण्यालाही परवाना लागतो. एकाने लिहिले की ललित लेख, दुसऱ्याने लिहिले की कबुलीजबाब. 'आदिवासींचे स्वतःचे शिकारसाहित्य का नाही?' असे विचारणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

मराठी लेखकांनी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. व्यंकटेश माडगूळकर शिकारीकडून निरीक्षणाकडे वळले, आणि 'सत्तांतर' (१९८२) मध्ये त्यांनी वानरांच्या टोळ्यांचे जग माणसाचा हात मध्ये न आणता उभे केले. मारुती चितमपल्लींनी आदिवासींकडून रानाचे शब्द वेचले आणि तसे सांगितलेही. पण बंदूक खाली ठेवणे वेगळे आणि हाकेवाल्याला बोलू देणे वेगळे. पहिले लेखकाच्या मनाचे परिवर्तन आहे. दुसऱ्याने लेखनाचा मालकच बदलतो. आणि दोष आपलाही आहे. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी गावकुसाबाहेरचे आणि पालावरचे जग उघडे केले. पण त्यानंतर आपल्या चर्चा गाव आणि शहर यांच्यातच फिरत राहिल्या. वेठीने रानात गेलेल्या आपल्या आजोबांना आणि त्यांच्या शेजारी डबा बडवणाऱ्या ठाकराला, वारल्याला आपण एका पंगतीत बसवले नाही. डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी १९४५ साली वेठीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो नोंदला गेला. वेठीचा हाही पैलू त्या प्रकाशात तपासायला हवा होता.

आपल्याकडे याचा एक फार जुना वारसा आहे आणि तो बोरिवलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. दरवर्षी मी विद्यार्थ्यांना कान्हेरीला नेतो. शंभरावर लेणी आहेत, आजूबाजूला अजून चितळे चरतात. तेथे पायरीवर बसून मी त्यांना निग्रोधमृग जातक सांगतो. गाभण हरिणीच्या बदल्यात मृगराज स्वतःची मान पुढे करतो, एवढाच भाग लोकांना ठाऊक असतो. पण त्या कथेचा आरंभ पाहा. वाराणसीच्या राजाला शिकारीचे वेड. तो रोज प्रजेला कामधंदा सोडून शिकारीला यायला लावी. लोक कंटाळले. शेते पडून राहू लागली. तेव्हा त्यांनीच हरणे हाकून राजाच्या उद्यानात कोंडली आणि आपली सुटका करून घेतली. म्हणजे ही हरणाची कथा हाकेवाल्यांच्या गाऱ्हाण्यापासून सुरू होते! शेवटी राजा सर्व प्राण्यांना अभय देतो, आणि हरणे शेतात शिरू लागली तेव्हा मृगराज त्यांना पिकाला तोंड न लावण्याची ताकीद देतो. मारणारा, मरणारा आणि राबणारा या तिघांचाही हिशेब त्या जुन्या कथाकाराने ठेवला. आधुनिक शिकारकथेने त्यातला तिसरा खोडून टाकला.

त्या मृगराजाच्या वारशात बसून मला कोणाच्या हाती बंदूक द्यायची नाही. आमच्या पंचशीलात पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे आणि ते मी मानतो. माझी मागणी साधी आहे. शिकारीची आठवण शिकवताना, वाचताना, तिच्यावर लिहिताना आपण तीन प्रश्न विचारावेत. रान कोणी उठवले? सोलले कोणी आणि वाटा कोणाला किती मिळाला? हीच आठवण दुसऱ्या कोणी लिहिली असती तर त्याला पारितोषिक मिळाले असते की समन्स? सभेत, वर्तमानपत्रांत आपण ऊठसूट 'रान उठवतो'. तो शब्द हाक्यातला आहे. निदान तो ज्यांच्याकडून घेतला, त्यांची गोष्ट तरी विचारू या.

ज्यांचे आजी-आजोबा अजून हयात आहेत, त्या विद्यार्थ्यांनी या सुटीत त्यांच्यापाशी बसावे. नाव, गाव लिहू नका, पण गोष्ट लिहून घ्या. माझे आजोबा गेले तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो. विचारायचे सुचले नाही. चितेबरोबर तो छर्राही गेला. माझ्याजवळ आहे ती एवढीच नोंद.