‘पडक्या किल्ल्याचें मनोगत’ : एका शालेय लेखनप्रकाराचें परीक्षण

शाळांच्या निबंधपुस्तकांत एक प्रकार असा आहे कीं, मराठी शाळेंत शिकलेल्या बहुतेकांनीं तो एकदां तरी लिहिलेला असतो. ‘पडक्या किल्ल्याचें मनोगत’ हा तो प्रकार. किल्ला बोलूं लागतो, गतवैभव आठवून उसासा टाकतो, लोक आपल्या भिंतींवर नांवें कोरतात म्हणून खेद करतो, व अखेर विद्यार्थ्यास उपदेश करून स्तब्ध होतो. इ. स. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें महाराष्ट्रांतील ११ व तमिळनाडूंतील जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घातले. तेव्हां या निबंधास नवा बहर येणार हें सांगावयास ज्योतिषी नको. संशोधकांच्या त्रैमासिकांत मुलांच्या निबंधाचें परीक्षण कशास, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आम्ही पुढें देतों.

या मनोगतांत किल्ला कोणता, हें बहुधा सांगितलेलें नसतें. नांव असलेंच, तर तें काढून दुसरें घातल्यानें एकही वाक्य अडत नाहीं. शिवनेरी डोंगरावर आणि सुवर्णदुर्ग समुद्रांत. पण दोघांचें गाऱ्हाणें अक्षरशः एक. शक नाहीं, तिथि नाहीं, पाण्याचीं टाकीं किती, दरवाजा कोणत्या दिशेस, कांहीं नाहीं. हें कोणापासून कळलें, असें तर विचारूंच नये. कारण बोलणारा स्वतः किल्ला! नैयायिकांनीं शब्द हें प्रमाण मानलें आहे खरें, परंतु तो शब्द आप्ताचा असावा लागतो. दगडास आप्त ठरविण्याचें धाडस गौतमानेंही केलें नाहीं.

आमचा आक्षेप कल्पनेवर नव्हे. मुलांनीं गोष्टी रचाव्या, कविता कराव्या. आक्षेप हा कीं, त्यांस दुसरें कांहीं लिहावयास मिळतच नाहीं. इयत्ता चौथीस शिवचरित्र लावल्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्या चरित्रानें मुलांच्या मनांत इतिहासाची गोडी उत्पन्न केली, हें निःसंशय. परंतु इतिहासाच्या तासास रिकाम्या जागा भरावयाच्या व एका वाक्यांत उत्तरें द्यावयाचीं, आणि भाषेच्या तासास किल्ल्याकडून रडवून घ्यावयाचें, या दोहोंच्या मध्यें ‘मला हें ठाऊक आहे, आणि तें असें कळलें’ एवढें सरळ सांगणारें एक पानही मुलाच्या हातून लिहिलें जात नाहीं. इतिहासाचा गुरुजी म्हणतो, लेखन शिकविणें भाषेकडे. भाषेचा म्हणतो, खरेंखोटें पाहणें इतिहासाकडे. प्राथमिक वर्गास दोन्ही विषयांचा गुरुजी बहुधा एकच असतो, ही यांतील मौज!

पंतोजीच्या शाळेचा गौरव करण्याची आमची इच्छा नाहीं. तेथें विद्येपेक्षां छडी अधिक होती. तथापि धुळाक्षरें संपून मोडीचा कित्ता हातीं आल्यावर मुलगा पत्राचे मायने गिरवीत असे. कोणीं, कोणास, कोणत्या सालीं, कोणत्या कामासाठीं लिहिलें, आणि ‘बहुत काय लिहिणें’ म्हणून कोठें थांबावें, हा क्रम त्याच्या बोटांत बसे. मेस्तकांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस हें सांगणें नको. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी प्राथमिक शाळांतून गेली, आणि तिच्याबरोबर हा क्रमही गेला. लिपि जाणें एक वेळ क्षम्य. क्रम जाण्यास कारण नव्हतें.

मुलांपुढें नमुना ठेवावयाचा तर आम्ही जेधे शकावलीचा ठेवूं. लोकमान्य टिळकांनीं ती इ. स. १९१६ त प्रसिद्ध केली, आणि तिच्यांतील एका नोंदीनें केवढी खळबळ केली, हें सर्वश्रुत आहे. बखरींतून चालत आलेली शिवजन्माची शके १५४९ वैशाख शुद्ध २ ही तिथि एका बाजूस, आणि शकावलींतील शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही दुसऱ्या बाजूस. पुढें परमानंदाच्या शिवभारतानें शकावलीस दुजोरा दिला. त्या नोंदींत अलंकार नाहीं, उसासा नाहीं. शक, महिना, तिथि, वार आणि घडलेली गोष्ट. एवढ्यावर ती तीनशें वर्षें टिकली, व जवळजवळ तीन वर्षांचा फरक दाखवून गेली. चिटणिसांची बखर वाचावयास अधिक रसाळ आहे हें आम्ही मान्य करतों. पण ती घटनांनंतर शतकाहून अधिक काळानें लिहिलेली, व तिचें अनुकरण नऊ वर्षांच्या मुलाकडून करविलें तर हातीं पुन्हां मनोगतच येणार. कवि असूनही कल्हणानें शके १०७० त राजतरंगिणी आरंभितांना गतगोष्टी सांगणाऱ्याची वाणी न्यायाधीशाप्रमाणें रागद्वेषरहित असावी असें म्हटलें, आणि जुनीं शासनें व लेख पाहून आपल्या शंका फेडल्या. आमच्या निबंधपुस्तकांस कवीचा संयमही साधूं नये!

लहान मुलांस हें झेपेल काय? आम्हीं नोकरीच्या अखेरच्या वर्षांत करून पाहिलें. प्रत्येकानें आपल्या घराची शकावली लिहावयाची, व प्रत्येक नोंदीखालीं सांगणाऱ्याचें नातें लिहावयाचें. बहात्तरचा दुष्काळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, या नोंदी घरोघर निघाल्या. एका मुलीच्या वहींत पुण्यांतील पुराविषयीं दोन नोंदी होत्या : आजीच्या म्हणण्याप्रमाणें पाणी सकाळीं आलें, शेजारच्या आजींच्या म्हणण्याप्रमाणें दुपारीं. खालीं तिनें लिहिलें होतें कीं, दोघी तेव्हां वेगवेगळ्या पेठांत राहत होत्या. साधनपरीक्षेवर व्याख्यानें देणारे याहून फारसें निराळें सांगत नाहींत.

आतां आमचा अपराध. नोकरीच्या आरंभीं आम्हींही हेंच मनोगत वर्षानुवर्षें लिहवून घेतलें. एका वर्षीं एका मुलानें किल्ला बाजूस ठेवून आपल्या माळ्यावरील रुमालाविषयीं लिहिलें. त्यांत ६३ कागद आहेत, अक्षर घरांत कोणास वाचतां येत नाहीं, तीन कागदांवर गोल शिक्का आहे, आजोबा दसऱ्यास त्याची पूजा करतात. आम्हीं तांबड्या शाईनें ‘विषय सोडून लिहिलें’ असा शेरा मारला व दहांपैकीं तीन गुण दिले. पुढें कागदांचा नाद लागल्यावर तो निबंध आठवून आम्ही त्या गांवीं गेलों. आजोबा वारले होते, घर नवें झालें होतें, आणि रुमाल न्हाणीघरांतील बंबांत गेला होता. त्याचें वर्णन करणारा एकमेव लेख त्या मुलाचाच होता, आणि ती वहीही उरली नाहीं.

म्हणून हें परीक्षण येथें. वाचकांच्या संग्रहांत जीं साधीं पत्रें पडून आहेत, पाटलास ताकीद, विहिरीची वाटणी, बैल हरवल्याची तक्रार, त्यांतील दहा ओळींहून मोठें नसलेलें एकेक पत्र ज्या गांवचें त्याच गांवच्या शाळेस द्यावें. अस्सल नको, मोडीचें छायाचित्र, शेजारीं बालबोध, कठीण शब्दांचे अर्थ आणि कागद कोणाकडे मिळाला त्याची एक ओळ, एवढें पुरे. गुरुजींनीं त्यावर पांचच प्रश्न घालावे, आणि त्या आठवड्यांत किल्ल्यास बोलावयास लावूं नये.