तळीरामाचे हसू
राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षक सिंधूसाठी रडतात. आम्हांस तळीराम अधिक विचारणीय वाटतो. तो बळजबरी करीत नाही. वकिलीची सनद गमावल्याने सुधाकराचे मन पोळलेले असते, नेमका तेव्हा तो प्याला पुढे करतो. पुढे देवदत्त इच्छास्वातंत्र्य इतके दुबळे होते की सुधाकर तळीरामाचेच तर्क स्वतःचे म्हणून बोलू लागतो. तळीरामाच्या कोट्यांना आपणही हसतो, हे गडकऱ्यांचे कसब! मद्य सोडून सुधाकर काम मागतो, तेव्हा मात्र प्रतिष्ठित त्याला झिडकारतात. सिंधू मरतानाही पतीचा अपराध झाकते. नाटककाराने केलेला हा गौरव आम्हांस पटत नाही.