सामना एक, पाहणे दोन

एकच सामना आम्ही दोन वेळा पाहिला. पहिल्यांदा गुरुवारी रात्री, तेल-अवीवला याद एलियाहूच्या स्टेडियममध्ये तिकीट काढून. दुसऱ्यांदा शनिवारी रात्री, शब्बाथ गेल्यावर, हवदाला करून, घरच्या टीव्हीसमोर. भाच्याने प्रक्षेपण मुद्रित करून ठेवले होते. खेळाडू तेच, गुण तेच, निकालही तोच. तरी उठताना वाटले की आपण दोन निरनिराळे सामने पाहिले. नाटक-सिनेमाचे परीक्षण आपण आवडीने वाचतो. मग एखाद्या थेट प्रक्षेपणाचे का नसावे? शिवाय या प्रक्षेपणात, एका कोपऱ्यात का होईना, आम्ही स्वतः होतो.

ही गोष्ट कोरोनाच्या साथीपूर्वीची. सामना युरोपियन लीगमधला, मक्काबी तेल-अवीवचा बास्केटबॉल. आमच्यात चार पिढ्या होत्या म्हणा ना: ऐंशी पार केलेले काका, आम्ही, भाचा आणि नऊ वर्षांचा नातू. काकांच्या डब्यात पोळी-भाजी, नातवाच्या खिशात सूर्यफुलाच्या बिया आणि गळ्यात पिवळा मफलर.

काकांना यायचे होते त्याला कारण होते १९७७. वडीलधाऱ्या वाचकांना ते वर्ष आठवत असेलच. रशियाचा संघ तेल-अवीवला येऊन खेळायला तयार नव्हता, म्हणून तो सामना बेल्जियममधल्या व्हिर्तों या लहानशा गावी झाला. १७ फेब्रुवारीला मक्काबीने मॉस्कोच्या संघाला ९१-७९ असे हरवले. मग ७ एप्रिलला बेलग्रेडमध्ये इटलीच्या व्हारेसे संघावर ७८-७७, अवघ्या एका गुणाने, विजय मिळवून युरोपचा चषक पहिल्यांदा या देशात आणला. त्याच रात्री पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी दूरदर्शनवरून आपण पायउतार होत असल्याचे सांगितले. देशात तेव्हा वाहिनी एकच. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी अर्धी इमारत जमायची. खुर्च्या संपल्या की जमिनीवर सतरंजी. काका म्हणतात, “हिब्रू धड येत नव्हतं, पण त्या रात्री कुणी भाषांतर मागितलं नाही.”

आमच्या मते प्रक्षेपणाचे खरे सामर्थ्य त्या दोन सामन्यांत दिसले. सामना परमुलखात, आणि गॅलरी मात्र लोद, अश्दोद, दिमोना येथल्या घराघरांत. तिकीट काढून तिथे जाणे आपल्यापैकी कुणाला परवडणार होते?

आता गुरुवारच्या रात्रीविषयी. याद एलियाहूचे हे स्टेडियम १९६३ साली सुरू झाले तेव्हा उघडे होते, १९७२ मध्ये त्यावर छत चढले. आता त्यावर कंपनीचे नाव आहे, तरी जुनी माणसे याद एलियाहूच म्हणतात. आत दहा हजारांहून अधिक माणसे बसतात. आमची जागा वरच्या बाजूला, एका बास्केटच्या मागे. तिथून खेळाडू बोटाएवढे दिसत, पण पाचही जण एकदम दिसत. चेंडू एकीकडे असताना दुसरीकडे कोण कोणाला चुकवून धावतो, कोण हात वर करून चेंडू मागतो आणि त्याला तो मिळत नाही, हे सगळे दिसे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे खेळाचा हा अर्धा भाग घरी पोहोचतच नाही. या बाबतीत तिकिटाचे पैसे वसूल झाले.

उणीव भासली ती समालोचनाची. दर शिट्टीला काका विचारत, “अरे, आता काय झालं?” आणि आम्हीही एकमेकांची तोंडे पाहत असू. तेव्हा मुंबई आकाशवाणीवरील बाळ ज. पंडितांचे मराठी धावते समालोचन आठवले. रेडिओला चित्र नसते, म्हणून तिथे शब्दांनीच मैदान उभे करावे लागे. शनिवारी घरी पाहिले तर समालोचकांची जोडी चित्र समोर असतानाही अखंड बोलत होती. जे डोळ्यांना दिसते ते कानांना पुन्हा सांगण्यात काय हशील? टीव्हीवरच्या समालोचकाने गप्प बसण्याची कलाही शिकली पाहिजे.

आणि आम्ही प्रेक्षक? पडद्यावर आम्ही दोन-तीन सेकंद दिसलो असू. एक पिवळा पट्टा, त्यात आमचा ठिपका. कॅमेऱ्याला पहिल्या रांगेतली प्रसिद्ध मंडळी अधिक प्रिय. आमचा आवाज मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येत होता. हा आवाज म्हणजे प्रक्षेपणाचे मीठच. २०२० साली साथीमुळे इंग्लंडमधले फुटबॉल सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा प्रक्षेपणात मुद्रित केलेला गलका मिसळावा लागला. म्हणजे प्रेक्षक नुसता पाहत नसतो, तो दाखवलाही जात असतो. मग आपण काय ओरडतो याची थोडी जबाबदारी आपल्यावरही येते.

ती कशी, ते शनिवारी कळले. शेवटच्या डावात आपला एक खेळाडू वेगाने बास्केटकडे घुसला, समोरचा धडक बसून आडवा झाला, आणि पंचाने फाउल दिला तो आपल्याच खेळाडूवर. सारे स्टेडियम उसळले. आम्हीही उभे राहिलो. पंचाच्या डोळ्यांपासून त्याच्या मातोश्रींपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला, आणि त्यात आमचा वाटा लहान नव्हता. नातू दोन नवे शब्द शिकला.

शनिवारी तोच प्रसंग पडद्यावर हळू गतीने, दोन बाजूंनी दाखवला. समोरच्या खेळाडूचे दोन्ही पाय धडकेआधीच जमिनीवर घट्ट रोवलेले होते. पंच बरोबर होता. आम्ही मागून आणि दुरून पाहिले होते. तो चार हातांवर उभा होता. खोलीत कोणी काही बोलले नाही. मग नातवाने विचारले, “आजोबा, मग आपण त्याला शिव्या का दिल्या?”

हिब्रूत पंचाला “शोफेत” म्हणतात. न्यायाधीशालाही तोच शब्द. हा शब्द आपण तोराहच्या वाचनात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दहा हजार माणसे एका बाजूला आणि शिट्टी घेतलेला एकटा माणूस दुसऱ्या बाजूला, अशा वेळी सत्य संख्येकडे असतेच असे नाही. नातवाला आम्ही एवढेच म्हणालो, “आपली चूक झाली, बाळा.” त्याने मान हलवली आणि मफलर घडी करून ठेवला.

तेव्हा आमचा निवाडा असा: स्टेडियमने आम्हांला पूर्ण खेळ आणि माणसांची ऊब दिली, पडद्याने जवळची नजर आणि थोडी लाज दिली. १९७७ च्या रात्री पडद्यासमोरही ऊब होती, कारण तेव्हा शेजार एकत्र बसत असे. आता प्रत्येक खोलीत निराळा पडदा आहे आणि ही खंत कोणत्याही कॅमेऱ्याने भरून येणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी मुलांना एकदा तरी सामन्याला न्यावे, आणि मग तोच सामना घरी, चार शेजारी बोलावून, त्यांच्याबरोबर पुन्हा पाहावा. दुसऱ्या वेळी काय दिसते ते मुलेच सांगतील.

काकांचा अभिप्राय निराळा आहे. ते म्हणतात, “पंच बरोबर होता हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण तुमच्या आरडाओरड्यात माझं ऐकणार कोण?”