दिवाणखान्यातील देव

आदिलाबाद येथील एका स्नेह्यांचा कलासंग्रह आम्हांस नुकताच पाहावयास मिळाला. भिंतींवर निर्मलची सोनेरी छटांची चित्रे (निर्मल २०१६ पर्यंत याच जिल्ह्यात होते), आणि काचेच्या कपाटात उशेगावच्या ओझा कारागिरांनी ओतलेले पितळी घोडे, मोर, बैल व काही देवप्रतिमा. वस्तू अस्सल, संग्राहकाची दृष्टीही जाणती. तरीही घरातून बाहेर पडताना मनाचे पुरते समाधान झाले नाही. त्याचे कारण येथे मांडावेसे वाटते.

आदिलाबादच्या या डोकरा कामास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे बसवून आकृती घडवावयाची, तीवर पुन्हा मातीचा लेप द्यावयाचा, आणि तापवून मेण वितळून गेले की त्या रिकाम्या जागी पितळेचा रस ओतावयाचा, अशी ही रीत आहे. साचा फोडल्यावाचून मूर्ती हाती येत नाही. म्हणून एकीसारखी दुसरी होत नाही. स्नेह्यांच्या कपाटात मात्र चाळीसांवर वस्तू एकमेकींस खेटून उभ्या होत्या. दृष्टी एकीवरही ठरेना.

ज्या गोंडांसाठी हे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या देव ओतीत आले, त्यांची रीत याहून वेगळी आहे. त्यांच्या कुलदेवतेची, पेर्सा पेनची, चिन्हे म्हणजे चवरी आणि भाल्याचे पाते. ती एरवी दृष्टीआड जपून ठेवतात व पूजेच्या दिवसांतच बाहेर काढतात. आपली उत्सवमूर्तीही पालखीच्या दिवशीच प्राकारात येते. त्या दर्शनाची गोडी प्रतीक्षेतूनच येते. गृहस्थाने हाच धडा घ्यावा. चार वस्तू बाहेर मांडाव्यात, उरलेल्या पेटीत जपाव्यात, आणि सणावारी अदलाबदल करावी.

कोणी म्हणेल, पुण्यात कै. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी यांनी घर भरून टाकले, त्याचे काय? १९२० च्या सुमारास आरंभिलेला तो संग्रह त्यांनी अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या, राजाच्या, स्मृतीस वाहिला आणि पुढे शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्या वास्तूचे संग्रहालय झाले. ज्यास घर हे घरच राखावयाचे आहे, त्यास निवड चुकत नाही.

निघताना गृहिणींनी विचारले, "यांतले देव देव्हाऱ्यात ठेवावेत की कपाटात?" प्रश्न मोलाचा होता. ज्या मूर्तीची पूजा करावयाची, तिची जागा देव्हाऱ्यात. तेथे नित्याच्या स्नानाने आणि घासण्याने तिचे नाकडोळे झिजले, तरी ती झीज भक्तीची आहे. जी केवळ पाहावयाची, ती कपाटात असावी. तिला मात्र चिंच-राखेने घासू नये, कारण मेणाच्या धाग्यांनी उमटलेल्या रेषाच त्याने पुसट होतात. दोन्ही स्थाने योग्यच आहेत. परंतु त्या घरी एक देवप्रतिमा दाराशी, पादत्राणांच्या मांडणीवर उभी होती. ती जागा देवाचीही नव्हे आणि कलेचीही नव्हे. आपला देव आपण तेथे ठेवला नसता. मग गोंडांचा का ठेवावा?

स्नेह्यांनी काही न बोलता ती प्रतिमा उचलली. आमची टीका तेथेच संपली.