शंभर टनांची किंमत

महाकाय यंत्रमानवांच्या लढाईचे व्हिडिओ गेम दोन घराण्यांत वाटण्याची रीत जुनी आहे. एकीकडे आर्केडमधून आलेले, क्षणात मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला सरकणारे गेम. दुसरीकडे खेळाडूला कॉकपिटमध्ये बसवून मापकांची रांग पुढ्यात मांडणारी सिम्युलेशन. या वाटणीसोबत एक निवाडाही आपसूक येतो: पहिली बोटांची चलाखी, दुसरे डोक्याचे काम. १९९०च्या दशकाच्या मध्यावर सेगाचा ‘व्हर्च्युअल-ऑन’ आणि अ‍ॅक्टिव्हिजनचा ‘मेकवॉरियर २’ थोड्याच अंतराने आले, आणि दोघांकडे पाहिले तर हा निवाडा पटण्यासारखाही वाटतो. पण तो वेगावरून केलेला आहे, आणि वेग ही या खेळांची वरवरची खूण आहे. खरा प्रश्न असा, की खेळाडूच्या चुकीची किंमत गेम कोणत्या रूपात वसूल करतो, आणि ती वसूल करतो की नाही.

मुळात सिम्युलेशन कशाचे? विमानाच्या सिम्युलेटरमागे खरे विमान असते. त्याचे वागणे चुकले तर वैमानिक ते दाखवून देऊ शकतो. शंभर टनांचा दोन पायांचा रणगाडा जगात कुठेच नाही. ‘मेकवॉरियर’ मालिकेमागे आहे तो ‘बॅटलटेक’ हा फासा कॉर्पोरेशनने १९८४ साली काढलेला, फासे टाकून खेळायचा बोर्डगेम. शस्त्र डागले की उष्णता वाढते, ती हद्दीबाहेर गेली की यंत्र बंद पडते, हे भौतिकशास्त्र नव्हे. टेबलावरच्या खेळाचा तो समतोल आहे. ‘मेकवॉरियर ऑनलाइन’मध्ये तर २०१३ साली असा नियम आला, की ठरावीक संख्येहून जास्त एकाच जातीची शस्त्रे एकदम डागली तर जादा उष्णतेचा दंड बसेल. खेळाडूंनी त्याला ‘घोस्ट हीट’ असे चपखल नाव दिले. कोणतेही यंत्र असे वागणार नाही; पंच मात्र असेच वागतो. वास्तवाचा आव आणणाऱ्या घराण्यात इतकी उघड पंचगिरी चालते, हे लक्षात घेतले की दोन घराण्यांमधली भिंत बरीच पातळ होते.

तरीही ‘मेकवॉरियर’ थोर आहे, आणि तो का थोर आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे ठरेल. तिथे पाय एकीकडे चालतात आणि धड दुसरीकडे वळते. शंभर टनांचा ‘अ‍ॅटलस’ हा यंत्रमानव वळवणे म्हणजे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळणावर घेणे: वळण दिसण्याआधीच ठरवावे लागते. शत्रूच्या माऱ्यापुढे धड फिरवून कोणता खांदा द्यायचा, कोणता हात गमावणे परवडेल, हा हिशेब सतत चालू असतो, कारण नुकसान अवयवांत वाटलेले असते. उजवा हात गेला की त्यावरची तोफही गेली. उरलेली लढाई त्या थोटेपणाने लढायची. चूक इथे शरीरावर उमटते आणि तिथेच राहते.

आता ‘व्हर्च्युअल-ऑन’ पाहा. दोन काठ्या, प्रत्येकीवर चाप आणि बटण. काठ्या बाहेर फाकवल्या की उडी, आत दाबल्या की बचाव, एक पुढे एक मागे केली की वळणे. चपळाई मोहवणारी आहे, पण फसवीही. झेप एकदा घेतली की तिची दिशा जवळपास पक्की होते, आणि झेपेतून हल्ला केला की शेवटी एक क्षण यंत्र जागीच अडकते. सरावलेला खेळाडू त्या क्षणाचीच वाट बघत असतो. ‘गंडाम’ या यंत्रमानवांच्या मालिकेवरच्या ‘एक्स्ट्रीम व्हर्सेस’ या गेममध्ये हे तत्त्व आणखी कठोर झाले: बूस्ट संपला की जमिनीवर यावे लागते, आणि खाली उतरणारा हा हक्काचे सावज असतो. शिवाय दोन जोडीदारांचे मिळून ६००० गुण. ३००० गुणांचे बलाढ्य यंत्र दोनदा पडले की सामना गेला. म्हणजे इथेही हिशेब आहेच. फक्त किंमत अवयवांत नव्हे, वेळेत मोजली जाते. डोक्याचे काम कमी नाही. त्याला मिळणारी सवड कमी आहे.

यावर सिम्युलेशनचा चाहता म्हणेल, की नियम काहीही असोत, कॉकपिटची अनुभूती वेगळीच. हे खरे आहे, आणि कॅपकॉमचा ‘स्टील बटालियन’ (२००२) हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा. सुमारे चाळीस बटणे, दोन काठ्या आणि तीन पेडल यांचा भलामोठा नियंत्रक. यंत्र सुरू करायलाच स्विचांची मालिका. काच धुवायलाही स्वतंत्र बटण. पण त्या थाटाला अर्थ येतो तो एका नियमामुळे: वेळेत बाहेर उडी घेतली नाही तर वैमानिक मरतो आणि साठवलेला खेळ पुसला जातो. दहा वर्षांनी याच मालिकेत आलेल्या ‘हेवी आर्मर’ने उलटी सिद्धता दिली. तिथे कॉकपिटमधली बरीच कामे काइनेक्ट या हालचाल टिपणाऱ्या संवेदकापुढे हात हलवून करायची होती, आणि तो हालचाल नीट ओळखत नसल्याची टीका त्यावर चहूकडून झाली. त्यामुळे ‘यंत्र हट्टी असले की खेळ खोल’ असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. हट्ट आधी कळणारा हवा. ‘अ‍ॅटलस’ उशिरा वळेल हे ठाऊक असते, म्हणून उशीर झाला तर दोष आपला. काइनेक्टच्या उशिराचा दोष कुणाला देणार?

अवयव आणि वेळ ही किमतीची दोन्ही चलने एकत्र आणण्याचा सर्वांत चिवट प्रयत्न फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘आर्मर्ड कोअर’ने १९९७पासून केला. गॅरेजमध्ये वजन आणि वीज यांचा जमाखर्च सिम्युलेशनच्या शिस्तीचा, मैदानात वेग आर्केडचा, आणि मोहिमेनंतर दारूगोळा व दुरुस्तीची वजावट. २०२३च्या सहाव्या भागात सततच्या माऱ्याने शत्रूचा तोल जातो, आणि तो सावरेपर्यंत घाव जास्त लागतात. वेळेतली किंमत इतक्या नेटकेपणाने क्वचितच मांडली गेली असेल. शरीर मात्र तिथे एका आकड्यात आटले आहे. तो शून्यावर येईपर्यंत दोन्ही हात शाबूत, दोन्ही पाय शाबूत. याच मालिकेच्या ‘लास्ट रेव्हन’मध्ये २००५ साली लढताना भाग निकामी होत असत. तो नियम का सोडला याची कारणे कल्पिता येतात: थोटे यंत्र वेगवान खेळात चटकन निरुपयोगी होते, आणि हरल्याची चीड वाढते. पण लंगडणाऱ्या यंत्राला त्याच वेगात लढत ठेवता येईल असा नियम शोधणे हे डिझाइनरांचे काम आहे, आणि इतक्या यशानंतरही सहाव्या भागाने त्याला हात घातलेला नाही.