संमोहनाचे प्रशिक्षण : प्रत्यक्ष वर्ग की ऑनलाइन? आबे फारिया यांच्या विचाराच्या आधारे एक चिकित्सा

बीजसंज्ञा : संमोहन, सूचना, प्रयोज्य, आबे फारिया, जेम्स एस्डेल, पर्यवेक्षित सराव

प्रास्ताविक

संमोहनविद्या कोठे व कशी शिकावी, हा प्रश्न मानसशास्त्राचे पदवीधर, शाळा-महाविद्यालयांत समुपदेशनाचे काम पाहणारे शिक्षक आणि काही प्रमाणात वैद्यकीय व्यावसायिक यांच्याकडून अलीकडे वारंवार विचारला जातो. प्रश्नाचे रूप बहुधा ठरलेले असते : घरी बसून ऑनलाइन अभ्यासक्रम करावा, की पुण्या-मुंबईला जाऊन प्रत्यक्ष वर्गात शिकावे? जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर किंवा भोकरदन येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. शुल्क, रात्रभराचा प्रवास, परक्या शहरातील मुक्काम आणि बुडणारी रोजी यांचा हिशेब त्यामागे असतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर ऑनलाइन अभ्यासक्रमांची रेलचेल झाली आणि या हिशेबाचे पारडे साहजिकच एका बाजूला झुकले.

प्रस्तुत लेखात या दोन पर्यायांपैकी स्वस्त कोणता व सोयीचा कोणता, याचा विचार केलेला नाही. दोन्ही बाजूंनी जे युक्तिवाद केले जातात त्यांच्या मुळाशी संमोहनाविषयीची कोणती कल्पना आहे, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो गोव्याच्या भूमीत जन्मलेल्या आणि आधुनिक संमोहनविचाराच्या आद्य प्रवर्तकांत गणल्या जाणाऱ्या आबे फारिया यांचा.

फारियांचा सिद्धान्त आणि फारियांचा वर्ग

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी गोव्यातील कांदोळी येथे झाला. १७७१ मध्ये ते वडिलांसमवेत पोर्तुगालला गेले, पुढे रोम येथे शिकून धर्मगुरू झाले आणि १७८८ मध्ये पॅरिसला पोहोचले. १८१३ मध्ये त्यांनी पॅरिसमधील क्लिशी मार्गावर संमोहनाचे जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेशशुल्क पाच फ्रँक होते. १८१९ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षीच, त्यांचा 'सजग निद्रे'च्या कारणांविषयीचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या काळी मेस्मर यांच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चा बोलबाला होता. प्रयोगकर्त्याच्या देहातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि तो रुग्णात शिरून परिणाम घडवितो, अशी ती कल्पना होती. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगाने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिये हे होते, असा द्रव अस्तित्वात नसून परिणाम कल्पनाशक्तीचा आहे, असा निर्वाळा दिला होता. तरीही व्यवहारात चुंबकत्वाची भाषा टिकून राहिली. फारियांनी ती भाषाच नाकारली. प्रयोगकर्त्याला 'चुंबकक' म्हणण्याऐवजी त्यांनी एकाग्रता घडवून आणणारा या अर्थाचा शब्द योजला. निद्रेचे कारण प्रयोगकर्त्यात नसून प्रयोज्यात आहे, प्रयोगकर्ता फक्त निमित्त होतो, हा त्यांच्या ग्रंथाचा गाभा होय. प्रयोज्याला खुर्चीत बसवून डोळे मिटावयास सांगणे, झोपेवर चित्त केंद्रित करावयास लावणे आणि मग ठाम स्वरात 'झोपा' अशी आज्ञा देणे, एवढीच त्यांची मूळ पद्धती होती. हातांच्या फेऱ्या, लोहचुंबक, पाण्याची टाकी यांतले काहीही त्यात आवश्यक नव्हते.

फारियांचे सगळेच विवेचन आज स्वीकारता येत नाही. संमोहनसुलभता रक्ताच्या पातळपणावर अवलंबून असते, असे ते मानीत. त्याला आज केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे. मात्र सूचना आणि प्रयोज्याची ग्रहणशीलता यांना त्यांनी दिलेले स्थान पुढे नान्सी येथील बर्नहाइम यांच्या संप्रदायाने पक्के केले. १९५९ पासून स्टॅनफर्ड येथे वाइट्सेनहोफर व हिल्गार्ड यांनी संमोहनसुलभतेच्या मापनश्रेणी तयार केल्या, त्याही प्रयोज्याचेच मापन करतात. संमोहनकाराची 'शक्ती' मोजणारी श्रेणी कोणी तयार केलेली नाही.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक वाटते. पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला फारियांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. शिल्प म्हणून तो प्रभावी आहे यात शंका नाही. हात पसरून उभा असलेला झगेधारी धर्मगुरू आणि त्याच्या पुढ्यात भान हरपून पडलेली स्त्री पाहताना मात्र बघणाऱ्याच्या मनावर ठसते ते हेच की, त्या हातांतून काहीतरी निघत आहे. ज्या कल्पनेचे खंडन करण्यात फारियांनी आयुष्याचा उत्तरार्ध वेचला, तीच कल्पना त्यांच्या स्मारकाने दृढ केली. आज संमोहन-कार्यशाळांच्या फलकांवर जी रोखलेली नजर व किरणे फेकणारी बोटे दिसतात, ती याच कुळातील होत.

'सान्निध्या'चा युक्तिवाद

प्रत्यक्ष वर्गाचा पुरस्कार करणारे पुष्कळदा असे सांगतात की, गुरूच्या सान्निध्यात जी 'ऊर्जा' मिळते ती पडद्यावरून मिळणार नाही. आपल्याकडील गुरुपरंपरेचे संस्कार लक्षात घेता हा युक्तिवाद श्रोत्यांना सहज पटतो. ज्या जिल्ह्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे, तेथे गुरूच्या सहवासाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. परंतु आध्यात्मिक परंपरेतील सान्निध्य आणि एका मानसशास्त्रीय तंत्राचे अध्यापन या भिन्न गोष्टी आहेत. संमोहनाच्या संदर्भात 'ऊर्जा' हा शब्द आला की मेस्मर यांचा द्रव मागच्या दाराने परत आला, असे समजावे. १९६२ मध्ये शोर व ऑर्न यांनी तयार केलेली हार्वर्ड गट-श्रेणी ध्वनिफितीवरूनही देता येते आणि संशोधनात ती तशी सर्रास दिली जाते. खोलीत संमोहनकार उपस्थित नसताना, केवळ मुद्रित आवाजाने, प्रयोज्य प्रतिसाद देतात. म्हणजेच सूचना पोहोचण्यासाठी देहाचे सान्निध्य अनिवार्य नाही. या मुद्द्यावर फारिया ऑनलाइनच्या बाजूने साक्ष देतात, असे म्हणावे लागेल.

स्वसंमोहनापुरते हे म्हणणे पुरेसे आहे. महाराष्ट्रात श्याम मानव यांच्या स्वसंमोहनविषयक कार्यशाळांमुळे ही विद्या गूढतेच्या वलयातून बाहेर येऊन सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. परीक्षेची भीती, झोप न येणे, सभेत बोलताना होणारा थरकाप यांसाठी शिथिलीकरण व स्वयंसूचना शिकू इच्छिणाऱ्या, अन्यथा निरोगी असलेल्या व्यक्तीने चांगला ध्वनिमुद्रित पाठ ऐकून घरी सराव केला, तर त्यात गमावण्यासारखे फारसे काही नाही. अशा व्यक्तीला पुण्याचा प्रवास घडविणे हा निव्वळ खर्च होय.

हुगळीचे रुग्णालय

प्रश्न अवघड होतो तो दुसऱ्याला संमोहित करावयाचे असते तेव्हा. कारण त्या वेळी शिकावयाचे असते ते सूचना देणे नव्हे, प्रयोज्याचे वाचन करणे. सूचनांची संहिता तासाभरात पाठ होते. श्वास कधी बदलला, पापणीची थरथर कधी थांबली, बोटे सैल पडली की आवळली गेली, समोरचा खरोखर एकाग्र झाला आहे की शिक्षकाचा मान राखण्यासाठी डोळे मिटून बसला आहे (आपल्या वर्गांत हे फार घडते), हे ओळखण्यास वेळ लागतो आणि चुकीच्या क्षणी 'थांबा' म्हणणारे कोणीतरी शेजारी असावे लागते.

या संदर्भात भारतातीलच दुसरे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. १८४५ मध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने चुंबकनिद्रेखाली शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. ईथरची भूल तोवर प्रचारात आलेली नव्हती. अंडवृद्धीच्या प्रचंड गाठी त्याने या पद्धतीने काढल्या आणि पुढच्याच वर्षी आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. रुग्णाला निद्रावस्थेत नेण्यासाठी तासन्‌तास हात फिरवावे लागत. हे काम एस्डेलने रुग्णालयातील तरुण भारतीय साहाय्यकांना, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्या व औषधे बनविणाऱ्या हिंदू-मुसलमान कर्मचाऱ्यांना, शिकविले. त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. परंतु या देशात संमोहनसदृश तंत्राचे पद्धतशीर प्रशिक्षण घेतलेली पहिली पिढी म्हणून त्यांच्याकडे पाहता येईल.

एस्डेलची उपपत्ती चुकीची होती. तो द्रवाच्या प्रभावावर विश्वास ठेवीत होता. त्याची शिक्षणपद्धती मात्र योग्य होती : शिकणारा रुग्णाशेजारी, शिकविणारा शिकणाऱ्याशेजारी, आणि परिणामाची कसोटी लगेच समोर, कारण निद्रा अपुरी असेल तर शस्त्राचा पहिलाच स्पर्श ते उघड करीत असे. फारियांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले. त्यांची उपपत्ती काळाच्या पुढे होती, पण क्लिशी मार्गावरील त्यांचा वर्ग हा वस्तुतः प्रेक्षकांचा मेळावा होता. शुल्क भरून लोक चमत्कार पाहावयास येत. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडविणारे प्रहसन आले आणि त्यांच्या प्रतिष्ठेला उतरती कळा लागली. प्रात्यक्षिक पाहणे आणि कृती शिकणे यांतील भेद त्या दालनात पुसला गेला होता.

आजच्या 'प्रत्यक्ष वर्गा'ची तपासणी या दोन नमुन्यांच्या आधारे केल्यास काय दिसते? एखाद्या हॉटेलच्या सभागृहात शनिवार-रविवारी शे-दीडशे माणसे जमवून, व्यासपीठावर चौघांना निद्रित करून दाखवून, सायंकाळी प्रमाणपत्रे वाटणारी कार्यशाळा शारीरिकदृष्ट्या 'प्रत्यक्ष' असली, तरी ती क्लिशी मार्गाचीच आवृत्ती आहे. शेवटच्या रांगेतील शिक्षणार्थ्याला प्रयोज्याची पापणी दिसत नाही, आणि त्याने स्वतः केलेला प्रयोग कोणी पाहत नाही. याउलट सहा जणांचा ऑनलाइन गट, ज्यात प्रत्येकाच्या सरावाचे चित्रमुद्रण मार्गदर्शक तपासतो व उणिवा दाखवितो, तो हुगळीच्या अधिक जवळचा ठरतो. वर्ग की पडदा, एवढ्यावरून प्रशिक्षणाचा दर्जा ठरविणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

तथापि पडद्याची मर्यादा नाकारता येत नाही. कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, पाय व हात बहुधा दिसत नाहीत. संमोहनावस्थेत काही वेळा दडपलेल्या भावनांचा अनपेक्षित उद्रेक होतो. प्रयोज्य रडू लागतो, थरथरतो, जुना आघात पुन्हा अनुभवतो. अशा क्षणी वीज गेली किंवा संपर्क तुटला, आणि आपल्या तालुक्यांत दोन्ही गोष्टी नवलाच्या नाहीत, तर निव्वळ संपर्क तुटल्याने धोका नसतो. शांत प्रयोज्य थोड्या वेळाने आपोआप भानावर येतो. उद्रेकाच्या अवस्थेत असलेली व्यक्ती आणि तिच्यासमोर गोंधळलेला नवशिका हे दोघेच खोलीत उरणे, ही खरी अडचण आहे. मनोविकृतीची लक्षणे असलेल्या व्यक्तीवर प्रयोग करू नये, संमोहनात 'आठवलेल्या' घटना सत्य मानू नयेत, हे नियम पाठ्यपुस्तकात असतात. पण समोरची व्यक्ती त्या नियमाखाली येते की नाही, याचा निर्णय अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच शिकता येतो.

अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल हिप्नॉसिस ही १९५७ मध्ये मिल्टन एरिक्सन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली संस्था आपल्या प्रमाणनासाठी किमान ४० तासांच्या कार्यशाळांबरोबर किमान २० तासांचे वैयक्तिक मार्गदर्शन मागते, तेही आरोग्यक्षेत्रातील पदव्युत्तर पात्रता असणाऱ्यांकडून. यातील २० तासांचा भाग आपल्याकडील बहुतेक जाहिरातींत शोधूनही सापडत नाही.

'योग्य प्रशिक्षित' म्हणजे कोण?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाद्वारे पर्यायी उपचारपद्धतींविषयी भूमिका स्पष्ट केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार, ॲक्युपंक्चर व संमोहनोपचार या उपचाराच्या रीती म्हणून नोंदणीकृत व्यावसायिकांना अथवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींना वापरता येतील, असे त्यात नमूद आहे. संमोहनाच्या प्रमाणपत्रांची जाहिरात करणारे या आदेशाचा उल्लेख 'शासनमान्यता' म्हणून करतात. तो वाचकाची फसगत करणारा आहे. मान्यता मिळाली आहे ती एका उपचाररीतीला; कोणत्याही संस्थेच्या प्रमाणपत्राला नव्हे. आणि 'योग्य प्रशिक्षण' म्हणजे किती तास, कोणाच्या हाताखाली, कोणत्या पूर्वपात्रतेवर, हे त्या वाक्यात सांगितलेले नाही. सगळा बाजार या एका विशेषणाच्या पोकळीत उभा आहे.

याच्या शेजारी दुसरा निर्णय ठेवून पाहावा. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम, ज्यांत मानसशास्त्राचाही समावेश आहे, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली आहे. म्हणजे मानसशास्त्राची पदवी पडद्यावरून मिळविता येणार नाही, पण त्याच शास्त्रातील एका नाजूक तंत्राचे 'मास्टर' प्रमाणपत्र दोन रात्रींत मोबाइलवर मिळू शकेल. पदवी नाकारली गेलेला विद्यार्थी या प्रमाणपत्राकडे वळेल, ही शक्यता गृहीत धरावयास हवी.

राज्यातील जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी (ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी) एकही मराठवाड्यात नाही. या उणिवेतून निर्माण झालेली गरज अर्धवट प्रशिक्षितांनी भरून काढावी, हा त्यावरील उपाय असू शकत नाही. आपल्या महाविद्यालयांतील मानसशास्त्र विभागांना करता येण्यासारखे एक काम आहे. संमोहनाचा इतिहास, उपपत्ती, मापनश्रेणी व नीतिनियम हा भाग ऑनलाइन शिकावयास हरकत नाही. जालन्यातील विद्यार्थ्याला चांगले व्याख्यान ऐकण्याची ती कदाचित एकमेव संधी असते. सराव मात्र पाच-सहा जणांच्या गटात, मनोविकारतज्ज्ञाच्या किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाच्या समक्ष, जिल्ह्यातच व्हावा, आणि शिक्षणार्थ्याने प्रथम प्रयोज्य म्हणून बसावे. छत्रपती संभाजीनगर तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. महिन्यातून दोन दिवस तेथून तज्ज्ञ बोलाविणे विभागांना अशक्य नाही. तोवर शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने आयोजकाला लेखी विचारावयाचे ते एवढेच : माझा सराव कोण पाहणार, किती तास पाहणार, आणि त्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक काय.