वाच्यार्थाची उपेक्षा : रॉक-गीतांच्या अर्थनिर्णयासंबंधी

१९६७ साली जॉन लेनन यांना लिव्हरपूलच्या क्वॉरी बँक शाळेतून एका विद्यार्थ्याचे पत्र आले. ही लेनन यांचीच जुनी शाळा. तेथे बीटल्सच्या गीतांचे अर्थ वर्गात उलगडून दाखविले जातात, असे पत्रात कळविले होते. कोणाही मास्तराला न उलगडेल असे काहीतरी लिहावे, ही खोडी लेनन यांना तेव्हा सुचली, अशी हकीकत त्यांचे बालमित्र पीट शॉटन यांनी सांगितली आहे. त्या खोडीतून 'आय ॲम द वॉलरस' हे गीत सिद्ध झाले. आणि अर्थ शोधणाऱ्यांची फजिती करण्यासाठी रचलेल्या या गीतावर मग अर्थांचा नुसता वर्षाव झाला.

रॉक-गीताचा अर्थ लावणारा बहुधा ते कूट आहे असे गृहीत धरतो. कूटाला एक किल्ली असते व ती कवीपाशी असते. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये कविहेतूच्या प्रामाण्यावर जो आक्षेप घेतला, तो या क्षेत्रात जणू पोचलाच नाही. 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' या गीताच्या शीर्षकात श्रोत्यांना एका मादक द्रव्याची आद्याक्षरे दिसली; लेनन म्हणाले, हे शीर्षक आपल्या लहान मुलाने काढलेल्या चित्राचे आहे. वाद येथेच संपला असे पुष्कळांना वाटते. परंतु चित्राची हकीकत गीताचा उगम सांगते, अर्थ नव्हे. आणि आद्याक्षरांचे कोडे तर शीर्षकापाशीच थांबते, गीतात पाऊलही टाकीत नाही.

प्रकाश हवा असलेला मनुष्य जसा दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, तसा व्यंग्यार्थाची इच्छा धरणाऱ्याने वाच्यार्थाचा आदर करावा, असे आनंदवर्धनाने म्हटले आहे. रॉक-गीतांच्या भाष्यकारांना त्यांनी फार अर्थ काढला म्हणून दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी ज्योतीकडे पाहिलेच नाही, हा त्यांचा दोष. या उपेक्षेचे टोक भयंकर आहे. १९६९ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस येथे ज्याच्या अनुयायांनी हत्याकांड केले, त्या चार्ल्स मॅन्सनने बीटल्सच्या 'हेल्टर स्केल्टर' या गीतात वंशयुद्धाचे भाकीत वाचले होते, असे सरकारी पक्षाने खटल्यात मांडले. ब्रिटनमध्ये हेल्टर स्केल्टर म्हणजे जत्रेतल्या मनोऱ्याभोवती वळसे घेत उतरणारी घसरगुंडी!

गीताचा वाच्यार्थ मात्र केवळ छापील शब्दांत नसतो. तो कंठातही असतो. 'वॉलरस' कागदावर वाचले तर असंबद्ध प्रतिमांची रास दिसते. ऐकले म्हणजे मुद्दाम कर्कश केलेला, हिणवणारा एक आवाज कानी पडतो, आणि शाळकरी पोरांच्या किळसवाण्या बडबडगीताचा तुकडा त्या आवाजात अगदी चपखल बसतो. मागच्या बाकावरून मास्तरांना वेडावणारा मुलगा येथे बोलत आहे. म्हणजे ज्या पत्राची टवाळी करावयाची होती, त्यातला वर्गच गीताचा आशय होऊन बसला! लेनन यांना हे अभिप्रेत होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. लुइस कॅरलच्या ज्या कवितेतून वॉलरस घेतला, तीत तो कालवांना फसवून खाणारा खलपुरुष आहे, हे आपल्या पुढे कधीतरी लक्षात आले, असे त्यांनीच १९८० च्या मुलाखतीत सांगितले. अनुवादकाची अडचण याहून बिकट आहे. मराठीत वॉलरस नुसत्या नावाने येतो. त्याच्यामागे बालपणी ऐकलेली कविता येत नाही, आणि ती तळटीपेत देता येत नाही.

गीताच्या अखेरीस रेडिओवरील 'किंग लिअर'चे संवाद ऐकू येतात. २९ सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसीवर चाललेले ते नाटक मिश्रणाच्या वेळी सहज हाती लागले. योगायोगाला अर्थ कसला, असे कोणी विचारील. पण हाती लागलेले ते लेनन यांनी राहू दिले, आणि राहू देणे ही निवडच होय. चौथ्या अंकातील सहाव्या प्रवेशात ऑस्वल्ड मरतो, एडगर आपल्या आंधळ्या पित्याला विसावा घेण्यास सांगतो, आणि त्याच सुमारास ध्वनी विरत जातो. नाटकात यानंतर एडगर मेलेल्याचे खिसे चाचपतो आणि दुसऱ्याच्या नावचे पत्र फोडून वाचतो.